सटवाईचा कोरा कागद



१ जून म्हटले की बाहेरच्या माणसाला पुणतांब्याचा शेतकरी संप आठवतो. २०१७ साली तो आमच्या गावातून सुरू झाला आणि राज्यभर पसरला. परंतु आमच्या वस्तीत या तारखेची ओळख फार जुनी आहे. साठी ओलांडलेल्या माणसांचे शाळेचे दाखले काढून पाहा. याचा जन्म १ जून, त्याचाही १ जून, शेजारच्या मावशींचाही १ जून. निराधार योजनेचे अर्ज भरून देताना ही तारीख मी इतक्या वेळा लिहिली आहे की आता हात आपोआप तिच्याकडे वळतो.

एवढी सगळी माणसे एकाच दिवशी कशी जन्मली? उत्तर आपणा सर्वांना ठाऊक आहे. नाव घालायला बाप पोराला शाळेत घेऊन गेला. गुरुजींनी जन्मतारीख विचारली. बाप म्हणाला, "गोदावरीला मोठा पूर आला होता बघा, त्या साली." गुरुजींनी पोराचा उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लागतो का ते पाहिले, अंदाजाने साल धरले आणि १ जून टाकून दिले. ज्याची जन्मतारीख कोणी लिहिली नाही, तो रांगला कधी, चालला कधी, पहिला शब्द कोणता बोलला, हे कोण लिहिणार? गरिबाचे बालपण कोणत्याच रजिस्टरात नाही. त्याची नोंद सुरू होते ती मजुरीच्या हजेरीपटावर.

आपल्या आज्या-पणज्यांच्या घरात बाळाच्या नावाने एक कागद मात्र नक्की असे. पाचवी-सहावीच्या रात्री पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवायची. रात्री सटवाई येते आणि बाळाचे नशीब लिहून जाते, असा समज. सकाळी पाहावे तर कागद कोराच! मग म्हणायचे, तिने कपाळावर लिहिले, ते आपल्याला दिसत नाही. पुढे पोर आजारी पडले, मुके निघाले, दगावले, तरी उत्तर एकच: सटवीने लिहिलेले टळत नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी आपल्याला बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्या दिवसापासून हा पाट आपल्या घरातून उठायला हवा होता. पुष्कळ घरांतून तो उठला. काही घरांत आजही तथागतांच्या मूर्तीसमोर मेणबत्ती लागते आणि आतल्या खोलीत पाचवीही पुजली जाते. माझे म्हणणे एवढेच आहे की पाट उचलावा, पण कागद आणि लेखणी राहू द्यावी. जो कागद सटवाईने पिढ्यानपिढ्या कोरा ठेवला, तो आई-बापाने भरावा.

दहा रुपयांची वही

आमच्या घरात धाकटी आता दीड वर्षाची आहे. ती जन्मली त्या आठवड्यात मी दहा रुपयांची वही आणली आणि दिवसागणिक नाही, पण नवे काही दिसले की लिहीत गेलो. कारकुनाची सवय, दुसरे काय! पहिल्या पानावर जन्माची तारीख, वेळ आणि वजन. पुढे अशा नोंदी आहेत: दीड महिन्याची असताना आईकडे पाहून हसली. चौथ्या महिन्यात मान धरली. पाचव्यात पालथी पडली. सातव्यात आधाराशिवाय बसली. दहाव्यात चिमटीने चुरमुरा उचलून तोंडात घातला. अकराव्यात रेल्वेची शिटी ऐकून बोट स्टेशनच्या दिशेला केले आणि आमच्या तोंडाकडे पाहिले.

ही शेवटची नोंद लहान दिसते, परंतु तिच्यात मोठा अर्थ आहे. मूल बोट दाखवते तेव्हा त्याला नुसती गाडी दिसलेली नसते. 'मला दिसले ते तुलाही दिसू दे' असे ते सांगत असते. बोलण्याच्या आधीचे हे बोलणे आहे. बालरोगतज्ज्ञ या खुणेला फार महत्त्व देतात.

तेराव्या महिन्यात विहारात सगळ्यांनी हात जोडले, तेव्हा तिनेही जोडले. चौदाव्यात दारात आलेल्या पाहुण्याला "दयबी" म्हणाली. त्या दिवशी घरात पेढे वाटायचे तेवढे राहिले! भक्तीचा किंवा पूर्वपुण्याईचा यात काही भाग नाही. मूल समोरच्या माणसाची नक्कल करते आणि नकलेतून शिकते. म्हणूनच घरात ते काय पाहते, काय ऐकते, याची जबाबदारी आपली. शिवी ऐकली असती तर तीही तितक्याच गोड आवाजात परत आली असती.

ही शर्यत नव्हे

आमची धाकटी हाता-गुडघ्यांवर कधी रांगलीच नाही. बसल्या बसल्या बूड घसरत पुढे सरकायची. आळीत चर्चा सुरू झाली. कोणी म्हणाले पायात बळ नाही, कोणी म्हणाले दृष्ट लागली. समोरच्या घरातला मुलगा दहाव्या महिन्यात चालला, त्याचे उदाहरण रोज ऐकायला मिळे.

अशा वेळी ऐकीव गोष्टींपेक्षा मोजलेल्या गोष्टी पाहाव्यात. जागतिक आरोग्य संघटनेने घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतल्या आठशेवर निरोगी बालकांची महिनोन्महिने पाहणी केली आणि २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. आधाराशिवाय बसणे सुमारे पावणेचार ते सव्वानऊ महिन्यांच्या दरम्यान केव्हाही होते. एकट्याने चालणे सुमारे आठ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत केव्हाही सुरू होते. शंभरातली चार-पाच मुले हाता-गुडघ्यांवर रांगतच नाहीत, तरी पुढे नीट चालतात. म्हणजे दहाव्या महिन्यात चालणारा शेजारचा मुलगाही ठीक आणि पंधराव्यात चाललेली आमची मुलगीही ठीक. लवकर चाललेले मूल पुढे कलेक्टर होते आणि उशिरा चाललेले मागे राहते, असा काही नियम नाही.

चालण्याची घाई करणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. पूर्वी सुतार लाकडी पांगुळगाडा करून देत. त्यात मूल स्वतःच्या पायावर उभे राहून गाडा ढकलते. आता बाजारात मूल मधोमध अडकवून ठेवणारा प्लास्टिकचा गोल वॉकर मिळतो. त्याने मूल लवकर चालत नाही. उलट चुलीकडे, पायरीकडे, पाण्याच्या बादलीकडे क्षणात पोचते. अपघात फार झाले म्हणून कॅनडाने २००४ साली अशा वॉकरवर बंदी घातली. तेवढ्या पैशांत महिनाभराची अंडी येतील. चालायला शिकण्यासाठी मुलाला सारवलेली जमीन किंवा फरशी आणि धरायला आपले बोट पुरते.

परंतु शर्यत नाही म्हणून डोळेझाकही नको

प्रत्येक खुणेला मोकळी जागा आहे, तशी शेवटची हद्दही आहे. ती ओलांडली तर 'होईल की' म्हणत बसू नये. पुढील गोष्टी कात्रण करून घरात लावून ठेवाव्यात.

तीन महिने झाले तरी मूल माणसाकडे पाहून हसत नाही. चार महिने उलटले तरी मान सावरत नाही. नऊ महिने झाले तरी आधाराशिवाय बसत नाही. दहा महिने झाले तरी 'बाबाबा, दादादा' असे आवाज काढत नाही. वर्ष उलटले तरी नावाने हाक मारल्यावर वळत नाही, बोट दाखवत नाही. दीड वर्ष झाले तरी चालत नाही किंवा एकही अर्थाचा शब्द बोलत नाही. दोन वर्षे झाली तरी 'आई ये', 'पाणी दे' असे दोन शब्द जोडत नाही. आणि कोणत्याही वयात, आधी येत होते ते यायचे बंद झाले. यांतले काहीही दिसले तर त्याच आठवड्यात अंगणवाडीताईंना सांगावे आणि डॉक्टरांना दाखवावे. बहुतेक वेळा काळजीचे कारण निघत नाही. परंतु निघाले, तर लवकर कळण्याइतका दुसरा उपाय नाही.

आमच्या भागातल्या एका घरातली हकिगत सांगतो. नाव सांगत नाही. बाप टेम्पोवर, आई कांद्याच्या खळ्यावर. मुलगा तेराव्या महिन्यात चालला. अंगाने दणकट, खोडकर. अडीच वर्षांचा झाला तरी बोलेना. आजी म्हणे, "याचा बाप तरी कुठं लवकर बोलला होता? पोरगं हाय, उशिरानंच बोलतंय." मग एका देवऋषाकडून ताईत आला. जिभेला मध लावून झाला. दरम्यान आईच्या लक्षात एक गोष्ट आली होती. घरामागून बापाच्या टेम्पोचा हॉर्न वाजला तर पोर वळत नाही. पातेल्याचे झाकण मागे पडले तर दचकत नाही. पण टेम्पो समोर दिसला की उड्या मारते. तिने सासूशी वाद घातला नाही. अंगणवाडीत आरोग्य तपासणीचे पथक आले, त्या दिवशी मजुरी बुडवून पोराला घेऊन गेली आणि हे सगळे जसेच्या तसे सांगितले. जिल्ह्याच्या ठिकाणी यंत्रावर तपासणी झाली. दोन्ही कानांनी फार कमी ऐकू येत होते. जीभ चांगली होती. जो शब्द कधी कानावर पडला नाही, तो तोंडातून येणार कसा?

कानाला यंत्रे बसली, बोलण्याचे शिक्षण सुरू झाले. आज चार वर्षांचा तो मुलगा "आई" म्हणतो, "दे" म्हणतो. भाषा शिकण्याची पहिली तीन वर्षे सोन्याची असतात. त्यांतली अडीच हातची गेली. ती माऊली पाहत नसती तर पुढचीही गेली असती.

कालाम लोकांना तथागतांनी हेच शिकवले. परंपरेने चालत आले म्हणून, वडीलधाऱ्यांनी सांगितले म्हणून कोणतीही गोष्ट खरी मानू नका. स्वतः पाहा, पारखा, मग स्वीकारा. कांद्याच्या खळ्यावरच्या त्या बाईने धम्मग्रंथ वाचलेला नाही, पण ती धम्माप्रमाणे वागली.

या घरातले नवरा-बायको आते-मामेभावंडे आहेत. आपल्याकडे मामाची मुलगी करण्याची रीत अजून आहे. जवळच्या नात्यातल्या लग्नातून जन्मतः बहिरेपणासारखे काही आजार मुलांत उतरण्याचा धोका वाढतो, हे शास्त्राने सिद्ध झालेले आहे. सोयरीक जुळवताना वडीलधाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. ज्यांचे लग्न झाले आहे त्यांनी घाबरू नये, मात्र बाळाच्या कानाची तपासणी लवकर करून घ्यावी. ती झोपलेल्या तान्ह्या बाळाचीही करता येते. मुंबईत वांद्रे येथे अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था १९८३ पासून याच कामासाठी आहे.

काही मुले यंत्र लावूनही बोलणार नाहीत. काही उशिराच चालतील, काही चालणारही नाहीत. त्यांच्या आईला 'मागच्या जन्मीचे पाप' म्हणून कोणी टोचू नये. मागच्या जन्मीचे कर्म सांगून माणसाला त्याच्या दुःखात डांबून ठेवण्याचा खेळ आपल्या समाजाने हजारो वर्षे भोगला आहे. तोच खेळ आपण आपल्या लेकराशी खेळावा काय?

हा चळवळीचा प्रश्न आहे काय?

एक जुने कार्यकर्ते मला म्हणाले, "शिष्यवृत्तीचे प्रश्न पडलेत, गायरानाचे पडलेत. तुम्ही रांगण्या-चालण्यावर काय लिहिता? ते बायकांचे काम आहे." त्यांचा मान राखून उत्तर देतो.

बाबासाहेब आणि माता रमाई यांची चार मुले लहानपणीच गेली: गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न. राजरत्न गेला तो जुलै १९२६ मध्ये. पाचांतला एकटा यशवंत जगला. ज्याने देशाची घटना लिहिली, त्या बापाच्या घरातली ही गोष्ट आहे. पुढे १९२८ साली मुंबई कायदेमंडळात कामगार स्त्रियांना बाळंतपणाची पगारी रजा देण्याचे विधेयक आले, तेव्हा बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा दिला. आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ साली मुंबई प्रांतात तसा कायदा झाला. नोव्हेंबर १९३८ मध्ये स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला गेला. तो मांडणारे पी. जे. रोहम हे आपल्या नगर जिल्ह्यातलेच आमदार होते. आईची प्रकृती आणि मुलाचे जगणे हा आपल्या चळवळीचा विषय पहिल्यापासून आहे. तो बायकांच्या पानावर आपणच ढकलला.

अंगणवाडीचेही तसेच. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडीचे काम सुरू केले. जी मुले शाळेच्या इमारतीपर्यंत येत नव्हती, त्यांच्या अंगणातच त्यांनी वर्ग नेला. २ ऑक्टोबर १९७५ पासून एकात्मिक बालविकास योजनेखाली देशात ३३ ठिकाणी सुरुवात झाली आणि आज गावोगाव अंगणवाडी आहे. परंतु आपण तिला खिचडीचे ठिकाण समजतो. तिथे वजनकाटा आहे, उंचीची पट्टी आहे. आईच्या हातात जे माता-बाल संरक्षण कार्ड दिलेले असते, त्यात लसींच्या तारखांबरोबर कोणत्या महिन्यात मुलाने काय करावे याची चित्रे छापलेली आहेत. किती घरांत ते कार्ड उघडून पाहिले जाते? बहुतेक ठिकाणी ते पत्र्याच्या पेटीत रेशनकार्डाखाली असते. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतात, मोफत तपासतात आणि गरज असेल तर पुढे पाठवतात. हा आपला हक्क आहे. तो न वापरणे म्हणजे आलेली शिष्यवृत्ती परत पाठवणे.

पोट, रक्त आणि बोलणे

मुलाच्या वाढीला पैसा लागतोच, हे नाकारण्यात अर्थ नाही. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी सुमारे ३५ टक्के वयाच्या मानाने खुजी आढळली. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत सुमारे ६९ टक्क्यांच्या अंगात रक्त कमी होते. ज्याच्या अंगात रक्त कमी, ते मूल चिडचिडे होते, लवकर थकते, शिकायलाही मागे पडते. सहा महिने पूर्ण झाले की आईच्या दुधाबरोबर घट्ट वरण-भात, कुस्करलेली भाकरी, अंडे, पालेभाजी, शेंगदाण्याचे कूट सुरू करावे. नुसत्या वरणाच्या पाण्याने पोट भरते, अंग भरत नाही. आशाताई लोहाचे औषध देतात ते आठवड्यातून दोनदा द्यावे, बाटली कपाटात ठेवू नये. चहा-बिस्किट हे बाळाचे अन्न नव्हे.

बोलायला मात्र एक पैसा लागत नाही. भाकरी थापताना, धुणे वाळत घालताना मुलाशी बोलावे. 'हे पातेलं, हे पाणी, हा बघ कावळा.' ते उत्तर देत नाही म्हणून थांबू नये, त्याच्या कानात शब्द साठत असतात. दिवसभर राबून आलेली आई थकलेली असते आणि रडणारे मूल गप्प करायला मोबाईल सोपा वाटतो, हे मी समजू शकतो. तरीही जागतिक आरोग्य संघटनेचा २०१९ चा सल्ला असा आहे की दोन वर्षांपर्यंत पडदा नकोच, आणि दोन ते चार वर्षांपर्यंत दिवसाला एका तासाहून जास्त नको. मोबाईल बोलतो, पण मुलाचे ऐकत नाही. येथे बापांनी पुढे यावे. संध्याकाळी चौकात तासभर बसण्याऐवजी अर्धा तास मुलाला घेऊन बसावे. मूल खेळवल्याने कोणाची मिशी खाली येत नाही.

ऊसतोडीला जाणाऱ्या बांधवांना एक विनंती आहे. हंगामात बिऱ्हाड हलते, पण मुलाचे वय थांबत नाही. बैलगाडीत भांडी भरताना माता-बाल कार्ड पिशवीत घालून आधी भरावे. ज्या कारखान्याच्या तळावर राहाल, तिथल्या अंगणवाडीत ते दाखवावे आणि लस, आहार, वजन मागून घ्यावे. गाव बदलले म्हणून मुलाचा हक्क बदलत नाही.

तीन कामे

जन्म झाला की २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत नोंद करावी, त्याला फी नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून मतदारयादीपर्यंत जन्माचा दाखलाच पुरावा धरला जातो. आपल्या पुढच्या पिढीत कोणाची जन्मतारीख गुरुजींच्या अंदाजाने लागू नये.

दुसरे, दहा रुपयांची वही आणावी. मुलगा असो की मुलगी, सारख्याच काळजीने लिहावे. आईला लिहिता येत नसेल तर तिने सांगावे आणि शाळेत जाणाऱ्या थोरल्या भावंडाने लिहावे. डॉक्टरांपुढे 'बरेच दिवस झाले' म्हणण्यापेक्षा तारीख सांगितली तर निदान लवकर होते.

तिसरे, महिन्यातल्या एका रविवारी वंदना झाल्यावर विहारात पाच वर्षांखालच्या मुलांची कार्डे सर्वांनी मिळून पाहावीत. ज्याची लस राहिली, ज्याचे वजन अडले, जे मूल बोलत नाही, त्याच्या घरी दुसऱ्या दिवशी दोन माणसांनी जावे. पुणतांब्यात आम्ही हे येत्या पौर्णिमेपासून सुरू करीत आहोत. अंगणवाडीताईंना आमंत्रण दिले आहे. वाचकांनी आपापल्या गावी करून पाहावे आणि काय अडचण आली ते या पत्त्यावर कळवावे. पुढच्या लेखात त्यावर बोलू.

जयभीम! नमो बुद्धाय!